पत्त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा: पोकेमॉनच्या पत्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत आठ-दहा मुलं पोकेमॉनचे पत्ते घेऊन बसतात. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांची मुलं गावी आली की मुलं दुप्पट होतात आणि भांडणं चौपट. भांडणाचे विषय ठरलेले असतात, त्यामुळे दर वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा उत्तरं लिहून ठेवलेली बरी. उत्तरं छापील पत्त्यांच्या खेळाची आहेत. मोबाइलवरच्या खेळाचं वेगळं आहे, त्याबद्दल खाली.

ज्याचा एचपी मोठा तो पत्ता जिंकतो ना?

नाही. हा ट्रम्प कार्डांचा नियम. पैलवानांच्या पत्त्यांवर वजन-उंची वाचून समोरच्याचा पत्ता घ्यायचा, तो खेळ वेगळा. आपल्याकडे निम्मी मुलं पोकेमॉन तसंच खेळतात, कारण बाजारात पत्ते मिळतात पण त्यांच्याबरोबर नियमपुस्तिका येत नाही. एचपी म्हणजे त्या पोकेमॉनने किती मार सोसायचा तो आकडा. जिंकण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

खरा खेळ थोडक्यात असा. प्रत्येकाचा 60 पत्त्यांचा कॅट. पिसून सात पत्ते हातात घ्यायचे, एक बेसिक पोकेमॉन (खाली आधीचं रूप न लागणारा) पुढे ठेवायचा (हा ॲक्टिव्ह), हवे असतील तर आणखी पाचपर्यंत बेसिक मागे बेंचवर, आणि कॅटमधले वरचे सहा पत्ते न बघता बाजूला. ते सहा तुमचे प्राइज. समोरच्याचा पोकेमॉन आडवा केलात, म्हणजे त्याला एचपीइतका मार लागला, की त्यातला एक उचलायचा (काहींना जास्त, ते खाली). जिंकायचे मार्ग तीन: स्वतःचे सगळे प्राइज उचलणं, समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन न उरणं, किंवा त्याच्या टर्नच्या सुरुवातीला त्याला ओढायला पत्ताच नसणं.

कॅटमध्ये 62 पत्ते असले तर काय बिघडलं?

60 म्हणजे 60. त्यात 59ही नाही आणि 61ही नाही. एका नावाचे जास्तीत जास्त चार. बेसिक एनर्जीला (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायचे पत्ते) मात्र ही मर्यादा नाही, हव्या तेवढ्या घ्या. निदान एक बेसिक पोकेमॉन असायलाच हवा. एस स्पेक लिहिलेला पत्ता अख्ख्या कॅटमध्ये एकच चालतो. एकाच नावाचा एक नव्हे, कुठलाही मिळून एक.

चार पिकाचू आणि चार पिकाचू ईएक्स, असे आठ ठेवले तर?

चालतं. ‘ईएक्स’ हा नावाचाच भाग, त्यामुळे ती दोन वेगळी नावं झाली. ‘अलोलन व्हल्पिक्स’ आणि नुसता ‘व्हल्पिक्स’ हेही वेगळे. चित्र वेगळं, एचपी वेगळा, हल्ले वेगळे, पण नाव तेच असेल तर मात्र सगळे मिळून चारच. प्रोफेसर्स रिसर्च या पत्त्यावर प्रत्येक वेळी निराळ्या प्रोफेसरचं चित्र येतं. तरी पत्त्याचं नाव एक, म्हणून सगळ्या प्रोफेसरांचे मिळून चार.

सात पत्त्यांत एकही बेसिक आला नाही. डाव गेला का?

गेला नाही. हात उघडा करून समोरच्याला दाखवा, सगळे पत्ते कॅटमध्ये घालून पुन्हा पिसा आणि नवे सात घ्या. बेसिक येईपर्यंत हेच करत राहायचं. जितक्या वेळा तुम्ही असं कराल तितके जास्तीचे पत्ते समोरचा ओढू शकतो. ओढायलाच हवेत असं नाही. दोघांच्याही हातात बेसिक नसेल तर दोघांनी पुन्हा पिसायचं, जास्तीचे कुणालाच नाहीत. हात दाखवणं विसरू नका. नाहीतर हात आवडला नाही म्हणून ‘बेसिक नव्हता’ असं सांगणारे वीर आमच्याकडेही होऊन गेले.

पहिला टर्न घ्यावा की दुसरा?

पहिला खेळणाऱ्याला त्या पहिल्या टर्नमध्ये हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर (टर्नमध्ये एकदाच चालणारा मदतीचा पत्ता) हाही खेळता येत नाही. पत्ता ओढता येतो, एनर्जी लावता येते, आयटम (हवे तितके खेळता येणारे मदतीचे पत्ते) चालतात. दुसऱ्याला हल्ला आणि सपोर्टर दोन्ही. पण आपापल्या पहिल्या टर्नमध्ये उत्क्रांती, म्हणजे पोकेमॉनवर त्याच्या पुढच्या रूपाचा पत्ता ठेवणं, दोघांनाही नाही. काय घ्यावं हे तुमच्या कॅटवर ठरतं. स्टेज 2 (दोन पायऱ्या चढलेल्या) पोकेमॉनवर भिस्त असेल तर मी डोळे झाकून पहिला टर्न घेतो, म्हणजे माझी उत्क्रांती समोरच्याच्या आधी सुरू होते.

एका टर्नमध्ये काय किती वेळा?

हातातून एनर्जी एकदा. सपोर्टर एकदा. स्टेडियम (मैदानात राहणारा, दोघांचा मिळून एक पत्ता) एकदा. रिट्रीट, म्हणजे पुढच्याला एनर्जी टाकून मागे घेणं, एकदा. आयटम हवे तितके. बेंचवर बेसिक ठेवणं जागा असेल तितकं. हल्ला अगदी शेवटी, कारण हल्ला झाला की टर्न संपला. ‘थांब, माझी एनर्जी लावायची राहिली’ हे हल्ल्यानंतर ऐकलं जात नाही.

एका पोकेमॉनला टूल (त्याला जोडायचा मदतीचा पत्ता) एकच. मैदानात स्टेडियमही दोघांत मिळून एकच: नवं आलं की जुनं जातं, आणि त्याच नावाचं स्टेडियम आधीच असेल तर पुन्हा खेळता येत नाही.

रिट्रीट केल्यावर स्विच वापरता येतो?

येतो. स्विच हा पुढचा पोकेमॉन बेंचवरच्याशी बदलणारा आयटम आहे, तो रिट्रीटमध्ये धरत नाहीत.

आत्ताच ठेवलेल्या चारमँडरवर लगेच रेअर कँडी चालेल का?

नाही. रेअर कँडी मधली पायरी गाळते, वाट बघणं गाळत नाही. चारमँडरवरून चारमिलियनला वगळून थेट चारिझार्ड, एवढीच तिची मदत. तो चारमँडर या टर्नमध्ये मैदानात आलेला असेल, किंवा तुमचा पहिलाच टर्न असेल, तर कँडी हातातच राहते. साध्या उत्क्रांतीलाही हेच लागू. या टर्नमध्ये आलेला किंवा या टर्नमध्ये एकदा बदललेला पोकेमॉन याच टर्नमध्ये पुन्हा बदलत नाही.

उत्क्रांतीनंतर लागलेला मार, एनर्जी आणि टूल तसंच राहतं. झोप, विष वगैरे सगळं जातं. जुन्या पत्त्यावरचे हल्लेही जातात, तो आता खाली दबला.

चारिझार्ड ईएक्स आगीचा आहे, मग गवताच्या पोकेमॉनला दुप्पट मार का नाही?

दर महिन्याला निदान एकदा हा प्रश्न येतो, आणि दर वेळी विचारणाऱ्याने चित्र बघितलेलं असतं, कोपरा बघितलेला नसतो. 2023 च्या ऑब्सिडियन फ्लेम्स संचातला चारिझार्ड ईएक्स (330 एचपीचा) हा टेरा पोकेमॉन आहे (टेराचा प्रकार नेहमीपेक्षा वेगळा असू शकतो) आणि वर उजव्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह डार्कनेसचं आहे. हल्ला करायला दोन फायर एनर्जी लागतात हे खरं, पण एनर्जी कुठली लागते यावरून प्रकार ठरत नाही. त्याचा हल्ला डार्कनेसचा धरला जातो. गवताच्या पोकेमॉनची कमजोरी आग असते, डार्कनेस नाही. उलट याची स्वतःचीच कमजोरी गवत आहे! चित्रात ज्वाळा असल्या तरी नियम कोपऱ्यातल्या चिन्हाचाच.

मार नेमका कसा मोजायचा? दुप्पट आधी की वाढीव आधी?

कागद-पेन्सिल घ्या. क्रम कायम हाच:

पहिल्यांदा हल्ल्यासमोर छापलेला आकडा, त्या हल्ल्याच्या मजकुरातली वाढ धरून. मग हल्ला करणाऱ्याकडून मिळणारी वाढ (त्याचं टूल, सपोर्टर). मग समोरच्याची कमजोरी, म्हणजे दोनने गुणायचं. मग प्रतिकार, म्हणजे आजच्या पत्त्यांवर 30 वजा. आणि शेवटी समोरच्याच्या बाजूचं जे काही मार कमी करत असेल ते.

तोच चारिझार्ड घेऊ. त्याच्या हल्ल्याचे मूळ 180, शिवाय समोरच्याने उचललेल्या प्रत्येक प्राइजमागे 30. समोरच्याने तीन प्राइज उचललेत, म्हणजे 180 अधिक 90, एकूण 270. समोरच्या पोकेमॉनची कमजोरी डार्कनेस असेल तर 540. त्याच्याकडे 30 कमी करणारं टूल असेल तर 510. टूलचे 30 आधी वजा करून मग दुप्पट केली तर 480 येतात. मोठ्या पोकेमॉनच्या बाबतीत हा फरक कुणी मोजत नाही, पण 60 आणि 70 च्या हल्ल्यांत डाव इथेच फिरतो.

मूळ मार शून्य असेल तर वाढीव काही लागत नाही. आणि बेंचवरच्या पोकेमॉनला कमजोरी-प्रतिकार काहीच लागू होत नाही. बेंचवर पडलेला आकडा सरळ तेवढाच.

टेरा पोकेमॉनला बेंचवर मार लागत नाही, मग ड्रॅगापल्टने माझा चारिझार्ड कसा आडवा केला?

इथे माझी भाची आणि तिचा मावसभाऊ दोन दिवस बोलत नव्हते, म्हणून जरा सविस्तर.

टेराच्या पत्त्यावर लिहिलंय की बेंचवर असताना हल्ल्यांचा ‘डॅमेज’ त्याला होत नाही. ड्रॅगापल्ट ईएक्सचा हल्ला पुढच्याला 200 डॅमेज करतो आणि शिवाय बेंचवर सहा ‘डॅमेज काउंटर’ ठेवतो, हवे तसे वाटून. एक काउंटर म्हणजे 10. तर डॅमेज ‘करणं’ आणि काउंटर ‘ठेवणं’ या खेळात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठेवलेल्या काउंटरला कमजोरी नाही, प्रतिकार नाही आणि डॅमेज अडवणारी ढालही नाही. फणसाला आडोसा केलात तो वाऱ्यापासून, खाली वाळवी लागली तर आडोसा काय करणार?

म्हणून पत्त्यावर ‘डझ 60 डॅमेज’ आहे की ‘पुट 6 डॅमेज काउंटर्स’ आहे, हे दोनदा वाचा. विषाचे 10 आणि भाजल्याचे 20 हेसुद्धा ठेवलेले काउंटरच.

झोप, लकवा, गोंधळ, विष, भाजणं: एकाच वेळी किती लागू होतात?

पाठ करायची गरज नाही, पत्ता कसा फिरवतात ते आठवा. झोपलेला डावीकडे आडवा करतात. पॅरलाइज्ड उजवीकडे आडवा. कन्फ्यूज्ड उलटा, डोकं तुमच्याकडे. एकच पत्ता एका वेळी तीन दिशांना फिरवता येत नाही, म्हणून या तिन्हींपैकी एकच राहतं, नवं आलं की जुनं गेलं. विष आणि भाजणं यांना पत्ता फिरवत नाहीत, खुणेची चकती ठेवतात, म्हणून ती दोन्ही एकमेकांबरोबर आणि फिरवलेल्या पत्त्याबरोबरही राहू शकतात. म्हणजे झोपलेला, भाजलेला आणि विषबाधा झालेला असा तिहेरी दुर्दैवी पोकेमॉन असू शकतो.

आता प्रत्येकाचं काय ते. प्रत्येक टर्न संपल्यावर, तुमचाही आणि समोरच्याचाही, तपासणी होते. तिचा क्रम विष, भाजणं, झोप, लकवा. विषाचा एक काउंटर. भाजल्याचे दोन, आणि मग नाणं उडवायचं: छापा आला तर बरा. झोपलेल्याचंही नाणं, छापा आला तर जागा.

लकव्याला नाणं नाही आणि तिथेच गोंधळ होतो. तुम्ही तुमच्या टर्नमध्ये मला पॅरलाइज केलंत. लगेच तपासणी झाली, पण मी बरा झालो नाही. मग माझा टर्न आला, त्यात हल्ला नाही, रिट्रीट नाही. माझा टर्न संपल्यावरच्या तपासणीत मी बरा. थोडक्यात, एक अख्खा टर्न वाया. बरेच जण पहिल्याच तपासणीत पत्ता सरळ करतात आणि समोरचा ओरडतो, समोरच्याचं बरोबर असतं.

झोपलेल्यालाही हल्ला आणि रिट्रीट दोन्ही बंद. कन्फ्यूज्डला मात्र रिट्रीट मोकळी आहे, ही सूट फार जणांना माहीत नसते. तो हल्ला करू लागला तर आधी नाणं: काटा आला तर हल्ला रद्द आणि स्वतःवरच तीन काउंटर.

या सगळ्यातून सुटायचे दोन हमखास मार्ग म्हणजे बेंचवर जाणं, म्हणजे स्विच वगैरे, किंवा उत्क्रांती.

नाणं नाही, फासा चालेल?

चालेल. सम आकडा छापा, विषम काटा, हे डाव सुरू होण्याआधी बोलून घ्या. फासा टेबलावर पडायला हवा. आमच्या पडवीत तो फटीतून खाली गेला की पुन्हा टाकायचा.

माझं इंग्रजी कच्चं आहे. पत्त्यावरचे कोणते शब्द समजून घेऊ?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. मराठी शाळेतली मुलं या खेळात मागे पडतात ती डोक्याने नाही, चार-पाच बारीक शब्दांमुळे. शब्द एकदा कळले की तीच मुलं जास्त काटेकोर वाचतात, कारण ती अंदाजाने वाचत नाहीत.

‘मे’: हवं तर. ‘यू मे ड्रॉ’ असेल तर नाही ओढला तरी चालतं. ‘मे’ नसेल तर करायलाच हवं, स्वतःच्या तोट्याचं असलं तरी.

‘अप टू 3’: तीनपर्यंत. चारिझार्ड हातातून खेळून उत्क्रांती केली की कॅटमधून तीनपर्यंत फायर एनर्जी शोधून लावता येतात. दोनच सापडल्या तर दोन, तक्रार नाही.

‘ॲक्टिव्ह पोकेमॉन’ आणि ‘1 ऑफ युवर अपोनंट्स पोकेमॉन’: पहिल्यात फक्त पुढचा. दुसऱ्यात कुठलाही, बेंचवरचा धरून. या एका ओळीमुळे हरलेले डाव मोजायला बसलो तर रात्र होईल.

‘ईच प्लेअर’: दोघंही. आयोनो खेळलात की दोघांनीही हात पिसून कॅटच्या तळाशी ठेवायचा आणि आपापले जितके प्राइज उरलेत तितके पत्ते ओढायचे. तुमचा एकच प्राइज उरला असेल तर तुमच्याही हाती एकच पत्ता येईल. खेळण्याआधी स्वतःचे प्राइज मोजा!

‘ओन्ली इफ’: ही अट, आणि अट आधी पुरी करायची. अल्ट्रा बॉलसाठी हातातले दुसरे दोन पत्ते टाकावे लागतात. हातात अल्ट्रा बॉल आणि आणखी एकच पत्ता असेल तर तो खेळताच येत नाही.

‘ॲबिलिटी’ आणि ‘अटॅक’: ॲबिलिटी म्हणजे पोकेमॉनच्या अंगची खुबी, अटॅक म्हणजे हल्ला. ॲबिलिटी वापरली म्हणून टर्न संपत नाही. आणि हल्ले बंद करणारा पत्ता ॲबिलिटी बंद करत नाही.

‘कान्ट’: सगळ्यांचा बाप. एक पत्ता ‘करता येईल’ म्हणतो आणि दुसरा ‘करता येणार नाही’ म्हणतो, तेव्हा ‘नाही’ जिंकतो. तसंच नियमपुस्तिका एक सांगते आणि पत्ता दुसरं सांगतो, तेव्हा पत्ता खरा. पुस्तिका सर्वसाधारण नियम सांगते, अपवाद पत्ता सांगतो.

माझी आई हा खेळ कधी खेळली नाही. पण स्वयंपाकघरातून तिचा एकच आवाज येतो: ‘पत्त्यार काय लिवलला आसा ता आदी वाच!’ दहापैकी आठ भांडणं तिथेच मिटतात.

कॅटमध्ये शोधलं, पण मिळालंच नाही असं म्हणता येतं?

ठरावीक प्रकारचा पत्ता शोधत असाल (‘एक पोकेमॉन’, ‘एक बेसिक एनर्जी’) तर म्हणता येतं, कारण समोरचा तुमचा कॅट बघू शकत नाही. पण ‘कुठलाही एक पत्ता’ असं लिहिलं असेल तर घ्यावाच लागतो, तिथे नाही मिळाला कसं म्हणणार? दोन्ही वेळी शेवटी पिसायचं.

बेंच रिकामा असताना बॉसेस ऑर्डर्स खेळून हात हलका करता येतो का?

नाही. बॉसेस ऑर्डर्स समोरच्याचा बेंचवरचा पोकेमॉन पुढे ओढतो. समोरच्याच्या बेंचवर कुणी नसेल तर तो पत्ता काहीच करत नाही, आणि काहीच परिणाम न होणारा पत्ता खेळता येत नाही. नेस्ट बॉलला तुमच्या बेंचवर जागा हवी, तसंच हे.

कॅट संपला की लगेच हरलो?

नाही, टर्नच्या सुरुवातीला ओढायला पत्ता नसेल तरच. मधेच प्रोफेसर्स रिसर्चने सात ओढायचे होते आणि चारच उरले होते, तर चार ओढा आणि खेळत राहा. पुढच्या टर्नच्या आत जिंका म्हणजे झालं.

एक पोकेमॉन आडवा केला, दोन प्राइज का?

ईएक्स, व्ही आणि व्ही-स्टारला दोन. व्ही-मॅक्सला तीन. 2025 पासून आलेल्या मेगा उत्क्रांती ईएक्सलाही तीन. बाकी साध्यांना एक. पत्त्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. आडव्या झालेल्या पोकेमॉनबरोबर त्याची एनर्जी, टूल, खालची उत्क्रांती सगळं टाकलेल्या पत्त्यांत जातं, हातात परत येत नाही.

दोघंही एकाच क्षणी जिंकलो तर?

एक जण दोन मार्गांनी जिंकला असेल आणि दुसरा एकाच, तर दोनवाला विजयी. सारखं असेल तर नवा डाव मांडायचा, पण दोघांचा प्राइज एकेकच. हा डाव कधी कधी दोन मिनिटांत संपतो आणि त्याला गर्दी सगळ्यांत जास्त.

पावसात चमकीचे पत्ते वाकतात. असे पत्ते खेळात चालतात का?

घाटावरची मुलं हा प्रश्न विचारत नाहीत. तो खास आपला, आणि नियमाच्या दृष्टीने महत्त्वाचा.

पत्ता वाकतो तो असा: कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो, वरचा चमकीचा थर ओल पीत नाही. एक बाजू वाढली, दुसरी जागच्या जागी, म्हणजे पत्ता कमानीसारखा होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पापडसुद्धा मऊ पडतात, पत्त्याची काय कथा.

आता नियम. कॅटमधला पत्ता पाठीवरून किंवा कडेवरून ओळखता आला तर तो खुणेचा पत्ता झाला. तुम्ही मुद्दाम केला नसलात तरी. समजा 60 पत्त्यांत चमकीचे पाचच आहेत आणि ते पाचही तुमचे मोठे पोकेमॉन आहेत. कॅट टेबलावर ठेवल्यावर जिथे फट दिसते तिथे चारिझार्ड आहे हे आंधळाही सांगेल. समोरचा काटतानाही तिथेच काटला जातो. स्पर्धेत पंच यावर दंड करू शकतो.

आम्ही काय करतो: सगळ्या 60 पत्त्यांना एकाच रंगाची, एकाच जातीची, पाठ न दिसणारी स्लीव्ह. पत्ता साधारण 63 गुणिले 88 मिलिमीटरचा असतो, त्यासाठी 66 गुणिले 91 ची स्लीव्ह घ्यावी. चमकीच्यांना आत आणखी एक घट्ट स्लीव्ह, पण मग ती सगळ्यांनाच घाला, नाहीतर जाडी कळते. कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर सिलिका जेलच्या दोन पुड्या. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मी कधी टाकत नाही. भिंतीतल्या कपाटात पत्ते ठेवू नका, ओल तिथे आधी येते. इस्त्री करू नका. हो, एकाने केली होती. आणि उन्हातही वाळत घालू नका, ती काही आमसुलं नव्हेत.

एवढं करूनही वाकलेला राहिलाच, तर सगळ्यांत सोपा उपाय: त्याच पत्त्याची बिनचमकीची प्रत खेळा आणि चमकीवाला संग्रहात ठेवा. बिनचमकीचा स्वस्त मिळतो आणि मार तेवढाच देतो.

जत्रेत सोनेरी पत्त्यांचं पाकीट घेतलं. ते चालतं?

घरी आपापसांत, दोघांची हरकत नसेल तर चालवा. पण ते खरे नाहीत. प्लॅस्टिकचे सोनेरी पत्ते, ज्यांची पाठही सोनेरी, ते खेळाच्या कंपनीने काढलेल्या पाकिटांतले नसतात. शिवाय त्यांवर एचपी आणि हल्ल्यांचे आकडे मनाला येतील तसे छापलेले असतात, मग नियम लावायचा तरी कशाला? साध्या कागदाच्या नकलाही येतात: पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट, अक्षरं जाड, स्पेलिंग चुकलेलं. खऱ्या पत्त्याशेजारी ठेवून बघा, लगेच कळतं. लहान मुलाने हौसेने आणलेले असतील तर त्याच्या तोंडावर ‘डुप्लिकेट’ म्हणून हसू नका. त्याला खेळायला आपला एक जास्तीचा कॅट द्या.

काकांकडे 1999 चा चारिझार्ड आहे. खेळू का?

खेळू नका, काकांना विचारा त्याचं काय करायचं ते! हा खेळ जपानमध्ये 1996 साली आला आणि इंग्रजीत 1999 साली. त्या पहिल्या संचातला चारिझार्ड 120 एचपीचा, आज तो पहिल्याच हल्ल्यात आडवा होईल. स्पर्धेच्या स्टँडर्ड प्रकारात तो चालतही नाही. पत्त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक अक्षर असतं, त्यावरून तो पत्ता चालू आहे की बाद ते ठरतं. एप्रिल 2025 मध्ये ‘एफ’ बाद झाला. जुनी अक्षरं अशी बाद होत जातात, म्हणून स्पर्धेला निघण्याआधी त्या वेळची यादी बघा.

एक सवलत आहे. तोच पत्ता, त्याच नावाने, चालू अक्षराचा पुन्हा छापला गेला असेल तर तुमची जुनी प्रतही चालते. पण मजकूर नवा धरायचा. जुना पोशन 20 भरून काढतो, नवा 30. तुमच्या हातातला पत्ता काहीही म्हणो, 30 धरा. ‘पत्त्यावर लिहिलंय ते खरं’ या माझ्या नियमाला हा एक मोठा अपवाद.

मोबाइलवर तर तीनच गुणांत जिंकतो, मग इथे सहा प्राइज कशाला?

तो ‘पॉकेट’ नावाच्या ॲपचा खेळ, ऑक्टोबर 2024 मध्ये आलेला. त्यात कॅट 20 पत्त्यांचा, एका नावाचे दोनच, बेंचवर तीन जागा, कमजोरीचे दुप्पट नव्हे तर 20 जास्त. एनर्जीचे पत्तेच नाहीत, ती आपोआप मिळते. बस येईपर्यंत खेळायला छान आहे. पण त्यातून शिकून आलेलं मूल पडवीत बसलं की पहिला तासभर ‘असं नसतं’ म्हणण्यात जातो. छापील नियम मोबाइलवर शिकायचे असतील तर त्यांचंच दुसरं ॲप, लाइव्ह, त्यात 60 पत्ते आणि सगळं इथल्यासारखं. फक्त पहिल्या सरीबरोबर वीज आणि नेटवर्क गेलं की तो डाव तुमच्या हातात राहत नाही.

‘हे असले परदेशी पत्ते, आपले नाहीत का?’ (हा प्रश्न मुलांचा नाही, आजोबांचा)

आहेत की, इथून जवळच. सावंतवाडीची गंजिफा: गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वर लाखेचं रोगण. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, म्हणजे एकूण 120. आपल्या दुप्पट. सावंतवाडीच्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी मोडत आलेली ही कला 1970 च्या दशकात पुन्हा उभी केली आणि आजही राजवाड्यात कारागीर पत्ते रंगवताना दिसतात.

त्यातला एक नियम मुलांना सांगितला की सगळी गप्प होतात: दिवसा खेळाची सुरुवात रामाच्या रंगाने होते आणि रात्री कृष्णाच्या. दिवेलागणीला डाव मध्यावर असेल तर काय, असं एकीने विचारलं. त्यावर आजोबांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि त्या दिवशीचा पोकेमॉनचा डाव तसाच अर्धा राहिला.

मुंबईचा दादा म्हणतो, ‘आमच्या सोसायटीत असंच खेळतात.’ त्याचं ऐकायचं का?

सोसायटीत खेळताना ऐका. घरगुती नियम वाईट नसतात, झब्बू आणि मेंढीकोटही दर घरी वेगळे असतात. पण ते पत्ते पिसण्याआधी सांगायचे, हरायला लागल्यावर नाही. आमच्याकडे असा करार आहे: घरगुती नियम दोघांना मान्य असेल तर पाटीवर खडूने लिहायचा, त्या दिवसापुरता. पाटीवर नसेल तर छापील नियम. मागच्या मे महिन्यात पाटीवर तीन नियम होते, त्यातला तिसरा ‘आंबा खाल्लेल्या हाताने समोरच्याच्या पत्त्याला हात लावायचा नाही’. तो आम्ही अजून पुसलेला नाही.